त्रिनेत्रप्पाची दाढ

दानम्मा तोंडाची फाटकी आहे, असं चिंचखेडीत कुणालाही विचारा, सांगतील. ते तोंड कशानं फाटलं, हे मात्र कुणी सांगत नाही. सांगायचं तर ओढ्यातल्या त्या खड्ड्यापाशी यावं लागतं, आणि तिथं आलं की गावातल्या निम्म्या पुरुषांना एकदम काहीतरी काम आठवतं.

चिंचखेडी निलंग्याकडचं, मांजरा नदीपासून कोसभर आत. दानम्माचा बाप मलप्पा लिंगायतांच्या समाधीचे खड्डे काढायचा. लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही करत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग देऊन. मयताच्याच पावलानं खड्डा मोजायचा, एका अंगाला कोनाडा कोरायचा, त्यात माणूस बसवायचा, भोवती विभूती आणि बेलाची पानं भरायची. मलप्पाला मुलगा नव्हता. मातीची पाटी वर ओढायला लेकच असायची. लोक नाकं मुरडायचे. मलप्पा म्हणायचा, "मग तुमी या वढायला." कुणी यायचं नाही.

जागा अपुरी. नवा खड्डा काढताना कधी शेजारचा जुना उघडा पडायचा. मलप्पा घाबरायचा नाही, लेकीलाही घाबरू द्यायचा नाही. हात जोडायचा आणि मग दाखवायचा.

"बघ पोरी. बसवलेला मानूस बसून ऱ्हात न्हाई. मास गेलं की मुंडकं मांडीत येतं. बरगड्या मिटतात, छत्री मिटल्यावानी. खुब्याचं हाड तेवढं जिथं ठिवलं तिथंच."

"अन विभूती?"

"ती कुठं जाती? खडा होऊन बसती. शंभर वर्सांनीबी पांढरीच."

हे शिक्षण तिला पुढे नडलं. कारण ज्याला खरं ठाऊक असतं, त्याला गप्प बसवायला सगळा गाव लागतो.

दानम्माला दिली गावातच. नवरा चन्नबसप्पा लातूरच्या अडतीत पोती उचलायचा, आठवड्याला घरी यायचा, बोलायचा कमी. बाहत्तर साल उजाडलं आणि अडतीतली पोतीच संपली. गावात आधी गुरं बसली, मग आडवी झाली. चिंचखेडीचा माळ हाडांनी पांढरा झाला. हाडांच्या कारखान्याची लॉरी यायला लागली, तशा वरच्या गल्लीतल्या बाया हाडं वेचायला निघाल्या. दानम्माही निघाली. चार महिन्यांत ती अशी तयार झाली की पाटीत हात घालून न बघता सांगायची: हा म्हशीचा मणका, हा बैलाचा खांदा, ही शेळीची नळी.

भावकीतले म्हातारे दारात आले.

"लिंगायताची बाई हाडं येचती? तुज्या घरचं पानी चालनार न्हाई आमाला."

दानम्मा म्हणाली, "पानी हाय कुठं चालायला? आनून दावा, मंग वाळीत टाका."

खरंच नव्हतं. वरच्या गल्लीतले तिन्ही आड कोरडे. म्हणून जेव्हा सरकारनं ओढ्यावर पाझर तलावाचं काम काढलं, तेव्हा पहिल्या दिवशी पहिली पाटी दानम्मानं उचलली. इंजिनिअरनं बायांना जागा दाखवून सांगितलं होतं, "पाणी इथं अडलं की मुरून थेट तुमच्या आडांत येईल." तेवढं एक वाक्य. ते वाक्य डोक्यात धरून शंभर बाया कडक उन्हात माती ओढत होत्या. मध्ये फक्त एक अडचण होती: तलाव भरला असता तर सरपंच साहेबरावाची बारा एकर काळी जमीन पाण्याखाली गेली असती. साहेबराव तीनदा इंजिनिअरला भेटून आला होता. इंजिनिअर बधला नव्हता.

एका सकाळी शेजारच्या गुणाबाईचा टिकाव ठण्णकन वाजला.

"दगड हाय गं."

"दगुड असा वाजत न्हाई," दानम्मा म्हणाली, आणि हातानं माती काढायला लागली.

आधी निघालं मांडीचं हाड. दानम्माच्या कमरेच्या वरपर्यंत येईल एवढं, सरळ, वरच्या टोकाला गोल गोटा, अगदी माणसाच्या मांडीला असतो तसा. हाड असून दगडासारखं जड. मग त्याच्या वरच्या अंगाला एक कवटी. फुटकी, पण पुढचा भाग शाबूत. रांजणाएवढी. आणि बरोबर मधोमध, कपाळावर, एकच मोठं भोक.

गुणाबाईनं टिकाव टाकून हात जोडले. "अगं माय! तिसरा डोळा!"

घटकाभरात गाव गोळा झालं. माणसाची मांडी, वर कपाळ, कपाळावर तिसरा डोळा, आणि सगळं एकाखाली एक, म्हणजे बसवलेलंच. महादेवाच्या भक्तांना आणखी काय लागतं? कुणी बेल आणला. त्या दुष्काळात बेल कुठून मिळाला देव जाणे, पाणी मिळत नव्हतं.

साहेबराव बांधावर आला, चपला काढल्या आणि डोळे पुसत खाली उतरला. तीन दिवसांपूर्वी याच जागी उभा राहून तो इंजिनिअरला आईवरून शिव्या देत होता.

"शरण आलो सोमी महाराज," तो कवटीपुढं आडवा झाला. "एवढा मोठा शिवयोगी आमच्या गावात बसला होता अन आमी त्याच्या डोक्यावर टिकाव घालून राहिलो! बंद करा काम!"

"थांबा मालक," दानम्मा म्हणाली. "ह्यो मानूस न्हाई."

सगळे वळले.

"माज्या बापानं जल्मभर मानसं बसवली. कोनाडा कुठं हाय? इभूतीचा खडा कुठं हाय? अन बसवलेल्याचं मुंडकं मांडीत पडतं, ते मांडीच्या वर कसं काय टिकलं?"

"योगी हाय तो! योग्याचं मुंडकं पडत न्हाई," मागून एक म्हातारा.

"अन खुबा? खुबा कुठं गेला? योगी काय खुब्याबिगर बसला व्हता?"

कुणीतरी हसलं. साहेबरावानं त्याच्याकडे पाहिलं, हसू थांबलं.

"मांडी बघ की. मानसाची हाय का न्हाई?" साहेबराव म्हणाला.

"दिसती मानसावानी, हाव. पर मयताच्या पावलानं खड्डा मोजायची आपली रीत. ह्या मांडीचं पाऊल केवढं आसंल? त्या पावलानं मोजला तर तुमची बारा एकर लागंल खड्ड्याला!"

बारा एकर हा शब्द निघायला नको होता. साहेबरावाचं तोंड बदललं.

दानम्मानं पाटीतून एक वस्तू उचलून वर धरली. कवटीखाली सापडली होती. विटेएवढी दाढ; खाली मुळं, वर एकाशेजारी एक आडव्या कडा, नुकती टाकी लावलेल्या जात्यासारख्या.

"ही बघा दाढ. ही दळनारी दाढ हाय, गवत दळनारी. म्या हजार जनावरांची बघितली. सोमी काय कडबा खात व्हते का?"

हे मात्र फार झालं. म्हातारे उठले. "हाडं येचनारीनं समाधीला शिवायचं न्हाई! व्हय वर!" ज्या बायांनी तिच्याबरोबर माती ओढली, त्यांनीच तिचे दंड धरून तिला खड्ड्यातून वर काढलं. गुणाबाईनंसुद्धा. पाटी हिसकून घेतली. दाढ मात्र तिनं लुगड्याच्या ओच्यात सरकवली होती. ती कुणाला दिसली नाही.

आठ दिवसांत तिथं माती लोटून कट्टा झाला, भगवा लागला, नाव पडलं: त्रिनेत्रप्पा. कट्ट्याची पहिली पूजा साहेबरावाची. समाधी पाण्यात बुडवायची कशी? तलाव मैलभर वर, माळावर सरकला. माळाला भेगा होत्या. पहिल्या पावसात भरला आणि महिन्यात रिकामा झाला. दुसऱ्या पावसात तेवढंही नाही.

मग सुरू झाली दहा वर्षं. डोक्यावर दोन घागरी, कडेला एक, मांजरेच्या वाळूत झिरा खणायचा, वाटीनं भरायचं, कोसभर चालत यायचं, दिवसातून तीन खेपा. वाटेत त्रिनेत्रप्पाचा कट्टा. बाया घागरी सांभाळत तिथं मान लववायच्या. दानम्मा लववायची नाही. कट्ट्यापाशी ती थांबायची आणि रोज, न चुकता, साहेबरावाच्या बारा एकरांकडे तोंड करून एक शिवी द्यायची. रोज वेगळी. पोरी ती ऐकायला मुद्दाम तिच्या मागून चालायच्या.

एकदा ती तक्रार घेऊन जिल्ह्याला गेली होती. तेव्हा जिल्हा उस्मानाबाद. जायला दीड दिवस. साहेब दौऱ्यावर. "पुढच्या महिन्यात या." पुढच्या महिन्यात कोण जाणार? दाढ रिकाम्या कणगीच्या तळाशी गेली.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. चन्नबसप्पा अडतीतून खबर घेऊन आला. गुलाल, मिरवणुका, पेढे. दानम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी कलेक्टर आता लातुरात?"

"हाव."

ती उठली, कणगीत वाकली, दाढ काढली, जुन्या धडप्यात बांधली. चन्नबसप्पा पहिल्यांदाच न विचारता बोलला. "म्या येतो संगं."

नवं ऑफिस. टेबलांना अजून सुतळ्या. कारकुनापुढं दानम्मानं गाठोडं सोडलं. तो खुर्चीसकट मागे सरकला.

"हे काय आहे, बाई?"

"दाढ."

"कुणाची?"

"तेच इचाराया आले. दहा वर्सं झाली."

त्यानं पेन्सिलीनं ढोसून पाहिली. शेजारच्याला हाक मारली. "अरे, डायनासोर बघ आलाय आपल्याकडं! नवा जिल्हा, पहिला अर्जदार डायनासोर!"

दोघं हसले. दानम्मा हसली नाही. टेबलावर हात आपटला, शाईची दौत कलंडली.

"हसता? ह्या दाढंपायी वरच्या गल्लीच्या बाया दहा वर्सं कोसभर पानी वाहून ऱ्हायल्या! लिवा! लिवा कागुद! म्या उठनार न्हाई."

ती उठली नाही. दुपारी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चन्नबसप्पा बाहेर पायरीवर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी कंटाळून एक चिठ्ठी निघाली आणि नांदेडच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापक पंचाक्षरींकडे गेली.

पंचाक्षरी सर पंधरा दिवसांत चिंचखेडीत आले. पातळ अंगाचे, जाड चष्म्याचे. दाढ हातात घेतली आणि भर अंगणात जमिनीवरच बसले.

"बाई, ही हत्तीची आहे. आजच्या नव्हे, हजारो वर्षांपूर्वीच्या हत्तीची."

"डायनासोर न्हाई?"

"छे! डायनासोर माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधीच संपले. हा त्या मानानं कालचा."

कट्टा उकरला. साहेबराव विरोधाला आला होता, पण सरांच्या हातात कलेक्टर ऑफिसचा कागद पाहून बाजूला उभा राहिला. सरांनी कवटीवरून ब्रश फिरवला.

"हा तिसरा डोळा नव्हे. ही सोंडेची जागा. डोळे इथं, दोन्ही बाजूंना. आणि हत्तीचे पाय खांबासारखे सरळ असतात, म्हणून मांडीचं हाड माणसासारखं दिसतं. भले भले फसतात."

"म्या फसले न्हाई," दानम्मा म्हणाली.

"नाही. तुम्ही नाही फसलात."

दहा वर्षांत असं पहिलंच वाक्य तिच्या वाट्याला आलं. त्यानं ती विरघळली नाही, उलट आणखी तापली. तेच बोलणं, तीच दाढ. तेव्हा दंड धरून वर काढलं, आता चष्मेवाला बोलला तर माना डोलवतात!

सर बोलतच होते. "या मांजरेच्या काठानं तेव्हा हत्तींचे कळप होते. पाणघोडेसुद्धा होते."

"पानघोडं? हितं?"

"हो."

"एवढं पानी व्हतं हितं?"

"भरपूर."

बायांचा घोळका गप्प झाला. सरांना वाटलं, आपलं बोलणं आवडलं. त्यांनी मानेचा एक मणका उचलून दाखवला. चपटा, थाळीसारखा. "आणि हे बघा. हत्तीचं डोकं फार जड. म्हणून मान आखूड, मणके एकाला एक चिकटलेले. एवढं ओझं लांब मान पेलू शकत नाही."

"मंग आमची कामून लांब ठिवली?"

दानम्मानं डोक्यावरचा पदर मागे टाकला, पाठ फिरवली आणि मान त्यांच्यापुढं वाकवली. मानेच्या मुळाशी लिंबाएवढा उंचवटा होता.

"लावा हात. मोजा. हत्तीची मोजली, माजी मोजा! गुणा, तूबी ये. तुजी दाखव. ह्या सगळ्यांच्या मोजा. मेलेल्या जनावराची मान मोजाया नांदेडहून मानूस आला. जित्या बायांची मोजाया कोन येनार हाय?"

गुणाबाई पदरात तोंड घालून रडायला लागली. "म्याच धरला व्हता गं दंड तुजा."

"आता रडू नगंस. पानी वाया जातंय."

महिनाभरानं ओढ्याकाठी पाटी लागली. प्राचीन हत्तीचे अवशेष. शोध: सरपंच श्री. साहेबराव यांचे प्रयत्न. खाली: या जागी खोदकाम, बांधकाम करण्यास मनाई आहे.

दानम्मानं ती गुणाबाईच्या नातीकडून वाचून घेतली. दोनदा. आधी स्वामी होता म्हणून तलाव नाही, आता हत्ती आहे म्हणून तलाव नाही. साहेबराव बारा एकरांच्या बांधावर उभा होता, नवं धोतर नेसून.

"काय दानम्मा? म्या म्हनलंच व्हतं, जागा काय साधी न्हाई."

त्या दिवशी तिनं शिवी दिली नाही. पोरींना नवल वाटलं.

सर दाढ न्यायला आले, तेव्हा ती ओट्यावर बसली होती. दाढ मांडीवर.

"देत न्हाई."

"बाई, दाढेशिवाय हत्तीची जात ठरवता येत नाही. सगळं अडून राहील."

"आमचंबी दहा वर्सं अडून ऱ्हायलंय. सर, तुमाला आख्खा हत्ती पायजे का निस्तं मुंडकं?"

सर थांबले. "म्हणजे?"

"वढ्यात बैल मेला की कसं व्हतं, म्या बघितलं हाय. मुंडकं जड, ते हालत न्हाई. बरगड्या, मनके हलके, ते पुरात पुढं जातात. तुमचा हत्ती मेला तवा ह्यो वढा उगवतीकडंच वाहत आसंल. पुढं खना. रांगेत घावंल. पर खनायचं आमच्या गल्लीच्या बायांनी, रोजगार हमीवर. अन थांबायचं म्या सांगंन तवा."

सरांनी चष्मा पुसला. "खोदायला मनाई आहे."

"कुनाला? तुमाला? तुमच्यासाठीच तर लावली पाटी. वढा सरकारचा हाय, हत्ती सरकारचा हाय."

वही काढत ते म्हणाले, "मी अर्ज करतो."

त्र्याऐंशीच्या जानेवारीत खोदकाम सुरू झालं. साहेबराव धावत आला. "बंद करा! समाधीची जागा हाय!"

"पाटी वाच," दानम्मा खड्ड्यातून म्हणाली. आता मालकबिलक काही नाही. "तुजंच नाव हाय वर. हत्ती म्हनून लिवलंय. तूच शोधलास न्हवं? मंग शोधू दे की आमाला बाकीचा!"

चाळीस बाया एकदम हसल्या. त्या हसण्यानं साहेबराव जो गेला, तो काम चालू असेपर्यंत तिकडं फिरकला नाही.

वीस पावलांवर बरगडी सापडली. तीस पावलांवर तीन मणके. सर पोरासारखे नाचले. ओढा लांबच लांब, खोल खोल उतरत गेला. एप्रिलमध्ये हाडं थांबली. मेमध्ये सरांनी सांगून पाहिलं.

"बाई, आता इथं हाड नाही."

"आजून दोन हात."

"खाली मुरूम लागलाय. हाड नाही, मी लिहून देतो."

"हाय."

"कुणाचं?"

"माजं," दानम्मा म्हणाली. "दहा वर्सांत जेवढं झिजलं तेवढं हितंच कुटंतरी पुरलंय. ते घावलं की थांबा."

सरांनी वहीत लिहिलं, खोदकाम चालू.

पहिला पाऊस झाला आणि ओढा नेहमीसारखा वाहून गेला नाही. खड्ड्यात थांबला. आषाढात वरच्या गल्लीतल्या मधल्या आडाच्या तळाशी ओल दिसली, मग वीतभर पाणी, मग पुरुषभर. पहिली घागर कुणी काढायची यावरून बायांत भांडण झालं. दानम्मा भांडली नाही. ती घरात गेली, दाढ आणली आणि सरांच्या हातात आदळली.

"घ्या. कोंच्या जातीचा हत्ती हाय ते बघा. अन पाटीवरलं नाव खोडा."

"तुमचं घालू?"

"माजं नगं. माज्या बापाचं घाला. हाडं त्यानं शिकवली."

तेवढ्यात साहेबराव आला. नवा फेटा, हातात नारळ, मागं चार माणसं, एकाच्या गळ्यात कॅमेरा. जलपूजन करायचं होतं.

दानम्मा आडाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. डोक्यावरची, घागरीखालची चुंबळ काढली, घामानं काळी पडलेली, आणि त्याच्यापुढं धरली.

"फोड नारळ. पर आधी ही डोक्यावर ठिव. दोन घागरी म्या चढवते, एक कडंला घे. नदीपातूर जा अन परत ये. तीन खेपा. मंग फोड."

कॅमेरेवाल्यानं कॅमेरा खाली केला. साहेबरावाच्या मागचा एक माणूस हळूच वळला, मग दुसरा.

"दानम्मा, झालं गेलं..."

"घे!"

त्यानं घेतली नाही. नारळ आडाच्या काठावर ठेवून तो निघून गेला. दानम्मानं चुंबळ परत डोक्यावर बसवली, घागर आडात सोडली, आणि त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत दहा वर्षांतली सगळ्यात लांब शिवी दिली. पोरींना ती अजून पाठ आहे.